राखणेचा वाटा मी घरात घेतला नाही

पहिली कोंबडी माझ्या जावेने फेकली. ती घरापुढच्या खळ्याच्या मधोमध येऊन पडली. मान पाठीवर वळलेली, चोचीतून चिकट पाणी आलेलं. मग बाकीच्या बायका पुढे झाल्या. कुणी पाटीतून आणल्या होत्या, कुणी पाय धरून. माझं सारवलेलं खळं मेलेल्या कोंबड्यांनी भरून गेलं.

"घे वैनी," जाऊ म्हणाली. "तुझ्यामुळं मेल्या. आता तूच निस्तर."

सकाळचे दहा-अकरा वाजले असतील. माझ्या सतरा कोंबड्या खुराड्यात बंद होत्या आणि आतून कलकलाट करत होत्या. दोन आठवडे मी परकं पाखरू खळ्यात उतरू दिलं नव्हतं. कुंपणाच्या बाहेरून आले की पाय धुऊन मगच खुराड्याकडे जात होते. आणि या बायकांनी रोग हातांनी उचलून माझ्या दारात आणून टाकला.

गावचा मानकरी सगळ्यात शेवटी आला. देवळातली पूजा, पालखी, राखण, सगळं त्याच्या शब्दाने चालायचं. फाटकाशी डालं पालथं घातलं होतं, त्याखाली माझा कोंबडा होता. मानकऱ्याने डाल्याच्या भोकातून आत बघितलं. कोंबडा एका कुशीवर पडून गोल गोल फिरत होता.

"बघा," तो म्हणाला. "राखणदाराचा वाटा नाकारलात, वैनी. आधी तुमच्या कोंबड्याला धरलं, मग वाडीला. आता तुमचं खुराडं उरलंय. आठ दिवसांत तेही रिकामं होईल. झालं की राखणदाराच्या झाडाखाली यायचं, गावासमोर उभं राहायचं, आणि चूक झाली म्हणायचं. मी गाऱ्हाणं घालीन."

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने केलेली विनवणी. त्यात माणसाचा दोष नाव घेऊन सांगतात. एकदा गाऱ्हाण्यात नाव आलं की ते गावात मरेपर्यंत पुसत नाही. लग्नात, बारशात, पाण्यावर, कुठेही गेलं तरी बायका आधी तेच बोलतात.

"येईन," मी म्हटलं. "खुराडं रिकामं झालं तर येईन. नाही झालं तर, भावजी? तुम्ही काय म्हणाल?"

तो वळला आणि वाटेला लागला. बाकीच्याही गेल्या. कोंबड्या तिथेच राहिल्या.

मी चौथी शिकलेली. पोट भरायला लागेल तेवढं मला वाचता येतं. नवरा गेल्यावर मुलगा मुंबईला, मी एकटी. घरात दूध नाही, भाजी मिळेल ती, अंडी तेवढी हक्काची. कोंबड्या मी हौसेने पाळल्या नाहीत. त्या माझ्या भाकरीतला वाटा होत्या. म्हणून अठ्ठ्याण्णव साली जेव्हा बावीसच्या बावीस मेल्या तेव्हा मी रडले नाही, मी डोकं चालवायला लागले.

आमच्याकडे त्या रोगाला मानमोडी म्हणतात. कोंबडी आधी खायची बंद होते, मग हिरवं पातळ हगते, मग मान वाकडी होते, की संपली. दर उन्हाळ्यात यायची. लोक म्हणायचे, यायचीच. मी म्हटलं, यायची तर वाटेल तेव्हा का येत नाही? नेहमी शिमगा आटोपल्यावरच का येते?

शिमग्यानंतर आमच्याकडे राखण असते. गावाच्या सीमेवर मोठं झाड आहे, तिथे राखणदार. तो गावाला सांभाळतो म्हणून वर्षातून एकदा त्याला घरटी एक कोंबडा. आदल्या दिवशी सगळे कोंबडे पाय बांधून झाडाखाली एकत्र ठेवायचे. दुसऱ्या दिवशी पुरुष कापतात. पिसं आणि आतडी पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, टाकतात, आणि प्रत्येक घराला कच्चा वाटा पानात बांधून देतात. तो वाटा बायका मागीलदारी धुतात. धुतलेलं पाणी केळीच्या मुळाशी. आणि केळीच्या मुळाशी कोण उकरतं? घरच्या कोंबड्या.

हे सगळं मी तीस वर्षं करत आले होते, आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

त्यातून ज्याच्या घरी कोंबडा नाही तो हातखंब्याला जाऊन कुठल्या तरी गाडीवरचा घेऊन यायचा. आणि ज्याच्या घरचा कोंबडा दोन दिवस झुलत असेल तो म्हणायचा, मरायच्या आधी देवाला लावून टाकू. देवाला दुखणाईत कोंबडा द्यायची लाज कुणाला वाटली नाही. मी वाटा घेतला नाही तेव्हा मात्र सगळ्यांना लाज वाटली.

बावीस मेल्यानंतर मी आधी खुराडं मोडलं. जुनं खुराडं पडवीच्या कोपऱ्यात जमिनीलगत होतं, फळीचं झाकण, आत उजेड नाही, वारा नाही, शिटीचा थर वीतभर. त्यात माणूस एक रात्र ठेवला तर तोही मरेल. नवीन मी परसात बांधलं. चार कोपऱ्यांना जांभ्याचे चिरे रचून गुडघाभर उंच. खाली पोफळीच्या चिरलेल्या पट्ट्या, मध्ये बोटभर फट, म्हणजे शिट खाली पडते, कोंबडीच्या पायाला लागत नाही. दोन बाजूंना जाळी, वर झावळ्यांचे झाप. आत बसायला आडव्या काठ्या. बाहेर एका टोपल्यात चुलीतली राख आणि वाळू, त्यात कोंबड्या लोळतात आणि त्यांच्या उवा जातात. पाण्याचं खापर रोज काथ्याने घासायचं.

बायका बघायला आल्या.

"कोंबड्यांना माडी बांधलीस गो!" जाऊ म्हणाली. "आमाला पण दे एक खोली भाड्यान."

"तुझ्या अंगावरच्या उवा आधी राखेत लोळून घालव, मग देते," मी म्हटलं. तिला हसू आलं, पण ती हसली नाही. आमचं तसंच होतं. भिंतीला भिंत लागून घर, आणि सहा महिने बोलणं, सहा महिने अबोला.

नव्या खुराड्यात नव्याने आणलेल्या कोंबड्या तुकतुकीत झाल्या. अंडी वाढली. पण पुढच्या उन्हाळ्यात राखण झाली, वाटा आला, मी तो आपला नेहमीसारखा मागीलदारी धुतला, आणि नऊ दिवसांनी मानमोडी आली. सात वाचल्या, त्याही अर्धमेल्या. तेव्हा मला कळलं की नुसतं घर चांगलं असून भागत नाही. दारातून आत काय घेता तेही बघावं लागतं.

मी रत्नागिरीला गुरांच्या दवाखान्यात गेले. तिथला पट्टीबंधक, गुरांना मलमपट्टी करणारा, चहा पीत होता. मी सगळं सांगितलं.

"मावशी, लस आहे," तो म्हणाला. "डोळ्यात एक थेंब. पण रोग यायच्या आधी द्यायची. आल्यावर दिलीत तर उपयोग नाही."

"मग इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही?"

"इतकी वर्षं कुणी विचारलं का नाही?" तो म्हणाला. मला तो माणूस आवडला.

पण लशीची एक अडचण होती. कुपी शंभर कोंबड्यांची. एकदा पाण्यात कालवली की दोन तासांत संपवायची, नाहीतर फुकट. आणि वाटेत गारच राहिली पाहिजे. मी वाडीत दारोदार फिरले. म्हटलं, शंभर थेंब आहेत, तुमच्या पण कोंबड्या संध्याकाळी धरून ठेवा.

एकही घर तयार झालं नाही. म्हणायचे, औषध घातलेलं पाखरू राखणदाराला चालत नाही. ते बाटतं. आता हे कुणी ठरवलं, मला माहीत नाही. राखणदार लस सुरू व्हायच्या आधीपासून तिथे बसलाय, त्याने लशीबद्दल कधी काय सांगितलं असेल असं मला वाटत नाही. पण मी वाद घातला नाही. माझा कोंबडा राखणेचा होता. मी म्हटलं, देवाच्या कोंबड्याला थेंब देणार नाही, तो तसाच ठेवीन. माझं देवाशी भांडण नव्हतं. ही गोष्ट मी आजही सांगते आणि आजही कुणी ऐकत नाही.

लस आणायला मी दुधाची किटली घेऊन गेले. बंदरावर जाऊन मासळीवाल्याकडून बर्फ घेतला, किटलीत भरला, मध्ये कुपी ठेवली, वर ओलं फडकं गुंडाळलं. एसटीत कंडक्टर नाक मुरडून उभा राहिला.

"आजी, कसले मासे?"

"मासे नाहीत. कोंबड्यांचं औषध आहे."

"मग वास कसला येतोय?"

"बर्फाचा," मी म्हटलं. "तुझ्या गाडीपेक्षा बरा आहे."

सगळी गाडी हसली. तो तिकीट फाडून पुढे गेला.

तिन्हीसांजेला कोंबड्या खुराड्यात चढल्या तशा एकेक धरून मी थेंब घातला. पट्टीबंधकाने दाखवलं होतं तसं, डोळा बोटाने उघडायचा, थेंब पडला की कोंबडी मिचकावते, तेवढं बघायचं आणि सोडायची. सोळा झाल्या होत्या तेव्हा मागीलदारी जाऊ उभी. पदर पोटाशी फुगलेला, पदराच्या आत काहीतरी हलत होतं.

"हिला पण टाक," ती हळूच म्हणाली. पदरातून तिची सगळ्यात जास्त अंडी देणारी कोंबडी बाहेर आली, तांबडी, डोक्यावर तुरा.

"एकच? बाकीच्या आण की."

"बाकीच्या नको. यांना कळलं तर मला पण खुराड्यात घालतील. आणि तू कुणाला बोलू नको, तुला शप्पथ हाय."

मी थेंब घातला. तिने कोंबडी परत पदरात घेतली आणि गेली. मग माझी सतरावी. उरलेलं औषध मी चुलीत ओतलं. ऐंशी-ब्याऐंशी कोंबड्यांचं आयुष्य होतं त्यात. मला त्या दिवशी राग आला तो अजून गेलेला नाही.

तीन आठवड्यांनी राखण आली. मी माझा कोंबडा स्वतः नेऊन झाडाखाली बांधला. सोबत नारळ, तांदूळ. मानकऱ्याला सांगितलं, "भावजी, कोंबडा घ्या, नारळ घ्या. वाटा मात्र माझ्या घरी पाठवू नका. तिथेच गावजेवणात घाला."

"वाटा नको?" त्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"नको. वाट्यातून रोग येतो. मी दोन वर्षं बघितलंय."

तिथे पंचवीस-तीस पुरुष होते. सगळे माझ्याकडे वळले. मग एक हसला. मग मानकरी म्हणाला, "राखणदाराचा वाटा म्हणजे रोग?"

"राखणदाराचा नव्हे. तुम्ही एका झाडाखाली चांगले-वाईट पन्नास कोंबडे बांधता त्याचा."

"तीस वर्षं खाल्लात तेव्हा नाही झाला रोग?"

"तीस वर्षं झाला. मी तीस वर्षं मूर्ख होते. तुम्ही अजून आहात."

हे शेवटचं मी बोलायला नको होतं असं पुष्कळांनी नंतर सांगितलं. मला तसं वाटलं नाही, अजून वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा कोंबडा परत आला. पाय बांधलेला तसाच, कुंपणावरून आत टाकलेला. वाटा न घेणाऱ्याचा कोंबडा देव घेत नाही, असं मानकऱ्याने ठरवलं होतं. आदल्या दिवसापासून तो त्या सगळ्या कोंबड्यांच्या अंगाला अंग लावून बसला होता. त्यातले किती आजारी होते मला माहीत नाही, पण दोन तरी होते, मी डोळ्यांनी बघितले होते.

त्याला तिथेच कापून पुरावं असं आधी मनात आलं. पण तो देवाला वाहिलेला. माझ्या हाताने सुरी लावायला मन होईना. म्हणून मी त्याला खुराड्यापासून लांब, फाटकाशी डाल्याखाली ठेवला. त्याचं खापर वेगळं, त्याला दाणे टाकायची वाटी वेगळी. आधी खुराड्याचं सगळं काम उरकायचं, मग शेवटी त्याच्याकडे. मग चुलीची राख लावून हात धुवायचे. सहाव्या दिवशी त्याने दाणे सोडले. तोवर वाडीत पहिली कोंबडी पडलीच होती. नवव्या दिवशी बायका माझ्या दारात आल्या, ते वर सांगितलं.

त्या गेल्यावर मी पहार घेतली. आमची जमीन कातळाची, वीतभर माती आणि खाली जांभा. कुदळीने नुसता ठणका येतो. परसाच्या टोकाला कंबरभर खड्डा खणायला मला दुपार उलटून गेली. कुणी मदतीला आलं नाही, मी बोलावलंही नाही. हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून एकेक कोंबडी नेली. खाली चुना, मध्ये कोंबड्या, वर चुना, वर माती, वर चिरे, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. मग खळ्याची वरची माती खरवडून तीही खड्ड्यात घातली. खळ्यावर राख आणि चुना पसरला. नेसूचं लुगडं उकळत्या पाण्यात टाकलं. मग आंघोळ करून खुराड्याकडे गेले.

कोंबडा दुसऱ्या दिवशी मेला. मी लपवला नाही. पऱ्यावर बायका कपडे धूत होत्या, त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "कोंबडा मेला गं माझा." एकीने मान न वळवता म्हटलं, "घेतलाच शेवटी देवान."

"घेतला ना? मग तुम्ही तर दिले होते. तुमच्या कोंबड्या कशाला घेतल्या त्याने?"

तिने कपडा जोरात आपटला.

पण खरं सांगायचं तर त्या आठ दिवसांत मला भीती वाटत होती. मरणाची नाही, त्या झाडाखाली उभं राहायची. दिवसातून दहा वेळा खुराड्याकडे जायचे. शिट बघायचे, हिरवी आहे का. माना बघायचे. एका खुडूक कोंबडीने लस दिल्यानंतर सहा पिल्लं काढली होती, त्यांना थेंब मिळाला नव्हता. चौथ्या दिवशी त्यातली दोन सकाळी उताणी. संध्याकाळपर्यंत सहाही गेली. मी त्यांना लगेच पुरलं आणि त्यांच्या आईला डाल्याखाली वेगळी केली.

पाचव्या दिवशी एक काळी कोंबडी मान खाली घालून उभी राहिली. तिला थेंब दिला होता, मी स्वतः दिला होता. मी तिला बाहेर काढलं, ती दुपारी मेली. मग मी पायरीवर बसले. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, समज मीच चुकले असेन तर? समज ती लस वाटेत गरम झाली असेल, बर्फ कमी पडला असेल? मग उद्या आणखी दोन, परवा आणखी चार, आणि आठव्या दिवशी झाडाखाली मी हात जोडून उभी, सगळी वाडी बघतेय.

मग मी ठरवलं की कोंबड्या गेल्या तरी मी म्हणेन, लस खराब झाली. वाटा चांगला होता असं म्हणणार नाही. जीभ कापली तरी म्हणणार नाही.

तशी बसलेली असताना जाऊ मागीलदारी आली. माझ्या खळ्यात पहिली कोंबडी फेकणारी तीच. इकडेतिकडे बघून म्हणाली, "वैनी, ती हाय गो."

"कोण?"

"तांबडी. बाकी चौदा गेल्या. ती दाणे खाते. आज अंड पण घातलान."

"मग बाहेर जाऊन सांग. आता. मानकऱ्याच्या दारात सांग."

"मी कशी सांगू? सगळे विचारतील, हीच कशी वाचली?"

"तेच तर सांग."

तिने पदर डोक्यावर ओढून घेतला. मग म्हणाली, "मला घरात राहायचंय, वैनी." आणि गेली. मी तिला शिव्या दिल्या, मोठ्याने दिल्या. भिंतीपलीकडे तिला ऐकू गेल्या असणार. पण ती खोटं बोलत नव्हती. तिला त्या घरात राहायचं होतं. मला कुणी घराबाहेर काढणारं नव्हतं, म्हणून माझं तोंड चालायचं, हेही खरं.

सहाव्या दिवशी आणखी एक गेली, म्हातारी, पाच वर्षांची. सातव्या दिवशी एकही नाही. आठव्या दिवशी सकाळी मी मानकऱ्याच्या दारात गेले.

"चला," मी म्हटलं. "खुराडं बघायला चला."

"मला देवळात काम आहे."

"देव आठ दिवस थांबला, आणखी पाव तास थांबेल. तुम्ही माझ्या खळ्यात उभं राहून बोललात, आता तिथेच येऊन बघा."

तो आला. त्याच्या मागून पाच-सहा जण आले, जाऊसुद्धा आली. मी खुराड्याची आडवी काठी काढली. कोंबड्या एकेक करून खाली उड्या मारून आल्या, राखेच्या टोपल्याकडे धावल्या. मी मोठ्याने मोजल्या. मानकऱ्याने शेवटपर्यंत बघितलं. मग खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि फाटकाबाहेर गेला. मी झाडाखाली उभी राहिले नाही, माझ्या नावाने गाऱ्हाणं झालं नाही. चूक झाली असं तोही म्हणाला नाही.

त्या उन्हाळ्यात आमच्या वाडीत माझ्या पंधरा कोंबड्या वाचल्या, जावेची एक, आणि पऱ्यापलीकडच्या घरचा उघड्या मानेचा एक कोंबडा. त्याला कुणी थेंब दिला नव्हता, तो आपला आपणच जगला. बाकी सगळ्या मेल्या.